नित्य आणि नैमित्तिक

दमा हा रोग प्राणघातक रोगांच्या यादींत सहसा कोणी धरीत नाहीं, आणि निरुपद्रवी रोगांच्या यादींतहि त्याला जागा मिळत नाहीं. घरांत कोणाला ज्वर आला, गोंवर निघाला, हाड मोडलें, तर सारें घर त्या खाटेभोंवतीं जमतें आणि महिन्या-पंधरा दिवसांत प्रकरण एका टोकाला जातें. दम्याचें तसें नाहीं. तो घरांत राहावयासच येतो. एखाद्या किंचित् चिडखोर नातलगाप्रमाणें तो वर्षानुवर्षें माजघरांत पथारी टाकून असतो, आणि त्याच्या लहरी सांभाळीत इतरांना आपली झाडलोट, स्वयंपाक, देवपूजा आणि सणवार बेतावे लागतात. प्रस्तुत लेखकाचा व ह्या पाहुण्याचा सहवास साठ वर्षांहून अधिक आहे, तेव्हां त्याच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला असावा असें वाटतें. मी वैद्य नव्हे. जन्मभर शाळेंत गणित शिकविलें. पुढील मजकूर औषधयोजना म्हणून न वाचतां अनुभव म्हणून वाचावा, व औषध ज्याचें त्यानें आपल्या डॉक्टरांस विचारूनच ठरवावें.

आमचें मूळ घर वाईचें. कृष्णेपासून थोड्या अंतरावर जुना वाडा, पावसाळ्याचे चार महिने भिंतींना ओल, आणि घरांत लहानमोठीं सतरा माणसें. १९६३ सालीं, वयाच्या सातव्या वर्षीं, मला पहिली धाप लागली. ती बहुधा रात्रीं दोन-तीनच्या सुमारास येई. आडवें पडणें अशक्य होई. आजी उशांची चळत रचून मला तीवर पुढें ओणवून बसवी व स्वतः पाठीमागें बसून राही. छातींतून निघणारा शिट्टीसारखा सूर शेजारच्या खोलींत काकांना ऐकूं जाई; ते उठून काढ्याचें आधण ठेवीत. सकाळीं त्याविषयीं कोणी अवाक्षर काढीत नसे, परंतु घरांतल्या बायकांचा सारा दिवस त्या जागरणावरच उभा राही.

पुढें मोठेपणीं चरकसंहिता चाळतांना श्वासरोगाचे पांच प्रकार वाचले: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. त्यांतील तमकश्वासाच्या वर्णनांत मला आजीची ती उशांची चळत जशीच्या तशी दिसली. ढगाळ हवा, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा ह्यांनीं हा रोग बळावतो. रोग्याला निजल्यानें क्लेश होतात व बसल्यानें सुख वाटतें. ऊन ऊन पदार्थ त्याला हवेसे वाटतात, इतकें बारीक निरीक्षण चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायांत नोंदलेलें आहे. चरकाच्या नंतर जें कळलें तें असें: फुप्फुसांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या आंतल्या अस्तराला दमेकऱ्यांत सदैव सूज असते, तो हंसत-खेळत असतो त्या दिवसांतहि. अशा सुजलेल्या नळीला धूर, धूळ, थंड वारा, पडसें, कोणतेंहि निमित्त पुरतें. मग नळीभोंवतालचे स्नायु आंवळतात, अस्तर आणखी फुगतें, चिकट कफ सांचतो, आणि आंत गेलेला श्वास बाहेर पडेनासा होतो. ज्याला अनुभव नाहीं त्याला वाटतें कीं दमेकऱ्याला श्वास घेतां येत नाहीं. खरें दुःख श्वास सोडतां न येण्याचें असतें. ‘सदैव सूज असते’ हे तीन शब्द मात्र वाचकांनीं लक्षांत ठेवावे. ह्या लेखाचा सारा भार त्यांच्यावर आहे.

मला दमा लागण्यापूर्वींच तो आमच्या घराण्यांत होता. माझ्या धाकट्या आत्याला तो लहानपणापासून होता. दमा स्पर्शानें पसरत नाहीं, परंतु घराण्यांत उतरतो खरा. आत्याच्या लग्नाच्या वेळीं ही गोष्ट सासरच्या मंडळींपासून लपविण्यांत आली, आणि त्या काळीं त्यांत कोणाला वावगें वाटलें नाहीं. कारण मुलीच्या खोकल्याचें नांव निघालें कीं पहिला संशय क्षयाचा येई आणि स्थळ मोडे. सासरीं मोठें खटलें, चुलीवरचा स्वयंपाक, पावसाळ्यांत ओलीं लांकडें. रात्रीं धाप लागली म्हणजे ती उठून मागच्या पडवींत जाऊन बसे, आणि छातींतला आवाज आंत ऐकूं जाऊं नये म्हणून तोंडावर पदराचा बोळा धरी. हें तिनें बाळंतपणाला माहेरीं आली असतां एकट्या माझ्या आईला सांगितलें. १९६८ च्या श्रावणांत ती गेली, वय एकतीस. डॉक्टरांना बोलावणें गेलें तें उजाडल्यावर. मध्यरात्रीं कोणाला उठवावें एवढें धाडस आठ वर्षांच्या संसारानंतरहि तिला झालें नव्हतें. आमच्या घरांत ‘ती दम्यानें गेली’ असें सांगतात. रोगापेक्षां त्याच्या लपवणुकीनेंच तिला अधिक लवकर नेलें, असें माझें मत आहे.

त्या काळच्या उपायांचें वर्णन लांबविण्यांत अर्थ नाहीं. अडुळसा, सुंठ, ज्येष्ठमध, मध आणि तुळस हें सारें मीं पोटभर घेतलें आहे, आणि ऊन पेयानें घशाला बरें वाटतें हेंहि खरें. एका दूरच्या काकांपाशीं धोत्र्याच्या पानांची विडी असे. ही विडी अगदींच थट्टेवारी नेण्यासारखी नव्हे. धोत्र्यांतील ॲट्रोपीन श्वासनलिकांचे स्नायु सैल करतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ही धूम्रपानाची रीति मद्रासेहून इंग्लंडांत गेली. आपल्या कनकासवांतलें ‘कनक’ म्हणजेहि धोत्राच. आणि आजच्या औषधांतलें इप्राट्रोपियम त्याच कुळांतलें आहे. परंतु धोत्र्यांतल्या औषधांत आणि विषांत अंतर इतकें थोडें, कीं काका कधीं कधीं विडीनंतर भ्रमिष्टासारखे बरळत. मला डॉक्टरांनीं एफेड्रिनच्या गोळ्या दिल्या. त्यांनीं छाती मोकळी होई, पण हृदय धडधडे, हात कांपे आणि झोंप उडे. त्या दिवसांतल्या माझ्या वहींतले आंकडे अजूनहि वेगळे ओळखूं येतात. हैद्राबादेस मृगाच्या दिवशीं जिवंत माशाच्या तोंडांतून औषध देतात व शाकाहारी माणसांना तेंच गुळांतून देतात, अशी बातमी कोणीतरी आणली, तेव्हां गुळाच्या सोयीमुळें आजोबांचें मन थोडें डळमळलें होतें; परंतु प्रवासखर्चाचा हिशेब होऊन तो बेत मागें पडला. त्या औषधानें दमा बरा होतो असा पुरावा आजवर पुढें आलेला नाहीं.

श्वासावाटें औषध देणारा, खिशांत मावणारा पंप १९५६ सालीं अमेरिकेंत निघाला. रायकर नांवाच्या औषधी कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन ह्यांच्या मुलीला दमा होता. केंसांवर मारण्याचा फवारा डब्यांत मिळतो, मग आपलें औषध तसें कां मिळूं नये, असें त्या मुलीनें वडिलांना विचारलें आणि त्यांतून ही युक्ति जन्माला आली. लहान मुलांच्या प्रश्नांना ‘गप्प बस’ म्हणणाऱ्या आम्हां शिक्षकांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. स्नायु सैल करणारें सालब्युटामॉल १९६९ सालीं बाजारांत आलें, आणि सूज उतरविणारा स्टिरॉईडचा पंप १९७२ सालीं. मला पहिल्या प्रकारचा पंप मिळाला १९८४ सालीं, व दुसरा १९९३ सालीं. माझा पहिला निळा होता आणि दुसरा तपकिरी. सोयीसाठीं पुढें मी त्यांना तसेंच म्हणेन.

पंप घरांत आला आणि घरांत मतभेदहि आले. ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, ‘एकदां लागला कीं सुटत नाहीं’, ‘स्टिरॉईडनें हाडें ठिसूळ होतात’ हीं वाक्यें मीं इतक्या तोंडून ऐकलीं आहेत, कीं त्यांना उत्तर देण्यासाठीं एक गणितच तयार ठेविलें आहे. माझी मात्रा ब्युडेसोनाईडची, दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम. १००० मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला ०.४ मिलिग्रॅम. धाप अनावर झाल्यावर पोटांतून जें प्रेडनिसोलोन देतात तें मोठ्या माणसाला दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत, असें पांच-सात दिवस. वजनानें हें शंभर पट झालें. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाहीं, त्यामुळें हा भागाकार अगदीं काटेकोर नव्हे, हें मी स्वतःच सांगतों. परंतु पंपांतलें औषध थेट नळींत उतरतें आणि गोळींतलें साऱ्या शरीरांतून फिरून तेथें पोंचतें, हा भेद तर खरा आहे. पंपांतल्या स्टिरॉईडला जो भितो, त्याच्यावर गोळीचें स्टिरॉईड घेण्याची पाळी पुनःपुन्हां येते.

ह्याहून अवघड गोष्ट निराळीच आहे. आजोबांनीं मुंजीच्या वेळीं आम्हांला नित्यकर्म आणि नैमित्तिक कर्म ह्यांतला भेद शिकविला होता. संध्या नित्य, ग्रहणाचें स्नान नैमित्तिक. नैमित्तिकाला कांहीं निमित्त घडावें लागतें, नित्याला निमित्ताची अपेक्षा नाहीं. शिवाय शास्त्रकारांचें असेंहि म्हणणें आहे कीं नित्यकर्म केल्यानें वेगळें फळ पदरांत पडत नाहीं, परंतु तें न केल्यास प्रत्यवाय मात्र लागतो. मला हा व्यवहार तेव्हां निव्वळ तोट्याचा वाटे. तपकिरी पंप हातांत आल्यावर त्याचा अर्थ उमगला. निळा पंप ओढला कीं चार-पांच मिनिटांत छाती उघडते. फळ रोख मिळतें, आणि सुमारें चार तास टिकतें. परंतु त्यानें सूज तसूभरहि उतरत नाहीं. तपकिरी पंप ओढला तर कांहींच होत नाहीं. काल बरें वाटत होतें, आज बरें वाटतें आहे, उद्यांहि तसेंच वाटेल. आणि हें कांहींहि न होणें हेंच त्याचें काम आहे.

माणसाच्या स्वभावाला हें मानवत नाहीं. काटकसरी कुटुंबाच्या स्वभावाला तर मुळींच नाहीं. धडधाकट दिसणारा मनुष्य दरमहा औषधाचे पैसे मोजतो, हें जमाखर्चाच्या वहींत खुपतें. माझ्या एका चुलतभावानें एका वैशाखांत, सहा महिने खोकलाहि नाहीं म्हणून, दुसरा पंप बंद केला. घरानें त्याचें कौतुक केलें. आषाढांत त्याला पांच दिवस रुग्णालयांत प्राणवायूवर ठेवावें लागलें. त्या पांच दिवसांच्या देयकांत दोन-तीन वर्षांचें नित्याचें औषध आलें असतें. औषध कमी करतांच येत नाहीं असें नाहीं. दमा कांहीं महिने नीट ताब्यांत राहिला तर डॉक्टर स्वतःच मात्रा पायरीपायरीनें उतरवितात. माझीहि एकदां निम्म्यावर आली होती. पायऱ्या उतरणें आणि गच्चीवरून उडी टाकणें ह्यांतलाच हा भेद आहे.

येथें एक खुलासा केला पाहिजे, कारण माझ्या उपमेला नव्या ज्ञानानें थोडा धक्का दिला आहे. दम्याविषयीं जगभरच्या वैद्यांसाठीं मार्गदर्शन प्रसिद्ध करणाऱ्या ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ ह्या संस्थेनें २०१९ सालीं असें सांगितलें, कीं मोठ्या माणसांत व कुमारवयांत केवळ निळ्या पंपावर दमा निभावूं नये; सूज उतरविणारें औषध प्रत्येकाला मिळालें पाहिजे. सौम्य दम्यांत ब्युडेसोनाईड आणि फॉर्मोटेरॉल हीं दोन औषधें एकाच पंपांत घालून तो लागेल तेव्हां घ्यावा, अशीहि रीति आतां आहे. म्हणजे नित्य आणि नैमित्तिक एकाच पात्रांत आलें. आजोबांनीं ह्यावर काय म्हटलें असतें कोणास ठाऊक. मला मात्र ही सुधारणा पटली, कारण ज्याचा हात केवळ सुखाच्या पंपाकडे जातो त्यालाहि तीमुळें नकळत दुसरें औषध घडतें.

पंप घेण्याची रीत क्षुल्लक वाटते, पण निम्मी बरकत तींत आहे. डबी हालवावी, श्वास पुरता बाहेर सोडावा, मग सावकाश आंत घेत असतांनाच कळ दाबावी आणि दहा आंकडे मोजीपर्यंत श्वास धरून ठेवावा. फवाऱ्याच्या पंपाला पुढें नळकांडें, ज्याला स्पेसर म्हणतात तें, लावल्यास औषध टाळूवर न बसतां खालीं उतरतें. मुलांना आणि म्हाताऱ्यांना तें अवश्य द्यावें. भुकटीच्या कॅप्सूलचें यंत्र असेल तर उलट श्वास जोरानें व झटक्यानें ओढावा लागतो. स्टिरॉईडनंतर खळखळून चूळ भरून टाकावी, नाहीं तर तोंडांत पांढरा बुरा येतो व आवाज बसतो. चूळ भरण्याची संवय आपल्या घरांत निराळी लावावी लागत नाहीं. माझा दुसरा नेम म्हणजे फुंकून श्वासाचा वेग मोजण्याचें साधें यंत्र, पीक-फ्लो मीटर. रोज सकाळीं त्याचा आंकडा मी वहींत मांडतों. माझा सर्वांत चांगला आंकडा ४००. तो ३२० च्या खालीं उतरला कीं सावध व्हावयाचें, २०० च्या खालीं गेला कीं वाट न पाहतां दवाखाना. कित्येकदां छातीला कळण्यापूर्वीं दोन दिवस वहीला कळतें.

घराची व्यवस्था ही एकट्या रोग्याच्या हातची गोष्ट नाहीं, आणि एकत्र कुटुंबाची खरी कसोटी येथेंच लागते. गाद्यांत व जुन्या गोधड्यांत डोळ्यांना न दिसणारा एक किडा असतो. माणसाच्या कातडीच्या गळलेल्या कणांवर तो जगतो आणि पाण्याऐवजीं हवेंतली ओल शोषून घेतो. गाद्यांना ऊन दाखविण्याची आपली जुनी चाल म्हणून चांगली. अभ्रे व चादरी आठवड्यांतून एकदां ५५ अंशांहून गरम पाण्यांत धुवाव्या. मात्र गाद्या झटकण्याचें काम दमेकऱ्यानेंच करूं नये. ओलीची बुरशी आणि झुरळें हींहि तशींच वैरी. मिरचीच्या फोडणीच्या वेळीं खिडकी उघडी व रोगी दुसऱ्या खोलींत, एवढें सहज जमतें. डांसांसाठीं जळणारी वेटोळ्याची अगरबत्ती मात्र घराबाहेरच असावी: २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत एका वेटोळ्याच्या धुरांतले अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. मच्छरदाणी हा जुनाच उपाय अजून सरस आहे. शाळेंत मीं फळा कोरड्या डस्टरऐवजीं ओल्या फडक्यानें पुसण्याची चाल पाडली. ती माझ्या निवृत्तीनंतरहि त्या वर्गांत चालू राहिली असें ऐकतों.

सर्वांत नाजूक प्रश्न देवघराचा. माझ्या आईची पूजा धूप-उदबत्तीवांचून पुरी होत नसे, आणि देवघर माझ्या खोलीला लागून. तिला ‘बंद कर’ म्हणावयाचा धीर मला कधींच झाला नसता. १९९३ सालीं डॉक्टरांनीं धुराविषयीं सांगितलें त्याच्या दुसऱ्या दिवशीं तिनें होऊन धूप बंद केला आणि तबकांत मोगरा, सोनचाफा, नसेल तेव्हां तुळशीच्या मंजिऱ्या ठेवूं लागली. “देवाला वास पोंचल्याशीं कारण,” एवढेंच ती म्हणाली. घरांत होम असेल तेव्हां मी दोन घरें सोडून मित्राकडे जाऊन बसतों व प्रसादाला परत येतों. ह्यांत अजून तरी कोणाचा धर्म बुडालेला नाहीं.

प्राणायामाविषयीं मला नेहमीं विचारतात. मी रोज करतों. त्यानें मन स्थिर राहतें आणि धाप लागली असतां घाबरेपणा कमी होतो, हा माझा अनुभव आहे. परंतु नळ्यांची सूज त्यानें उतरत नाहीं, आणि छाती दाटलेली असतांना प्राणायामाला बसणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. त्या वेळीं पंप हवा. एक वाक्य एका दमांत पुरें करतां येत नसेल, ओंठ निळसर दिसूं लागले असतील, पंपाचा गुण चार तासहि टिकत नसेल, तर रुग्णालय गांठावें. छातींतली शिट्टी एकाएकीं थांबली आणि रोगी थकून गप्प झाला, तर त्याला आराम पडला असें समजूं नये. हवेची ये-जाच बंद होऊं लागली असा त्याचा अर्थ असूं शकतो. वेळ रात्रीची असेल तर घरांतल्या पहिल्या माणसाला हांक मारून उठवावें. आमच्या घरांतल्या मुलांना मीं पाढ्यांच्या आधीं हें शिकविलें आहे.

त्या मुलांपैकीं एक माझी पुतणी. तिलाहि दमा आहे. २०१५ सालीं तिच्या लग्नाची बोलणीं चाललीं, तेव्हां साखरपुडा होईपर्यंत पंपाचा विषय काढूं नये असें वहिनींचें मत पडलें. वहिनींचा हेतु वाईट नव्हता; चार पिढ्यांची भीति त्यांच्या तोंडून बोलत होती. मी कांहीं म्हणण्यापूर्वींच पुतणीनें पाहुण्यांसमोर पोह्यांच्या बशीशेजारीं दोन्ही पंप ठेवले व कोणता कशासाठीं तें सांगितलें. बैठक स्तब्ध झाली. मग आमच्या होणाऱ्या विहीणबाईंनीं विचारलें, “दिवसांतून किती वेळां घ्यावा लागतो?”

“सकाळीं दोनदां, रात्रीं दोनदां.”

“म्हणजे माझ्या रक्तदाबाच्या गोळीसारखेंच कीं,” त्या म्हणाल्या, आणि बोलणें मानपानाकडे वळलें.

२०१८ सालीं पुतणीला दिवस गेले तेव्हां मात्र तिच्या सासरीं पुन्हां कुजबूज झाली, कीं पोटांत बाळ असतांना हें औषध कशाला. विहीणबाई स्वतः तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेल्या. ताब्यांत नसलेला दमा बाळाला पंपापेक्षां अधिक धोक्याचा असतो, कारण आईला कमी पडलेला प्राणवायू बाळालाहि कमी पडतो, असें डॉक्टरांनीं त्यांना समजाविलें. घरीं आल्यावर त्यांनीं पंपावरचा आंकडा वाचला. १२० मात्रा, रोज चार, तीस दिवस. तेव्हांपासून त्यांच्या स्वयंपाकघरांतल्या दिनदर्शिकेवर, संकष्टीच्या आणि गॅसच्या टाकीच्या खुणांशेजारीं, दर महिन्याला एका तारखेभोंवतीं लाल पेन्सिलीचें वर्तुळ असतें, आणि त्याच्या चार दिवस आधीं नवा पंप घरांत येऊन पडलेला असतो.